पथ्य कीं औषध?

दोन वर्षांपूर्वींच्या वैशाखांतील गोष्ट आहे. रात्रींतून तीन-तीनदां लघवीस उठावें लागे आणि उशाशीं ठेवलेला तांब्या पहांटेपर्यंत रिकामा होई. उन्हाळाच तो, पाणी अधिक प्यालें जाणार आणि प्यालेलें पाणी बाहेरही पडणार, अशी मीं आपली समजूत घालून घेतली होती. अंगांतील सदरे जरा सैल होऊं लागले, तेव्हां तर मला बरेंच वाटलें. पुढें एके दिवशीं दुसऱ्याच कामासाठीं आमच्या नेहमींच्या डॉक्टरांकडे गेलों असतां माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनीं रक्त तपासून घेण्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं कागद हातांत पडला. उपाशीं पोटीं साखर १६८, जेवणानंतर दोन तासांनीं २५२, आणि मागील तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आंकडा ८.४. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं मी मधुमेही ठरलों.

त्या रात्रीं आमच्या घरांत एक लहानशी सभाच भरली. सौभाग्यवतीनें कांहीं न बोलतां साखरेचा डबा फळीवरच्या वरच्या खणांत नेऊन ठेवला. चिरंजीव परदेशांत असतात. त्यांनीं दूरध्वनीवरून ‘बाबा, वजन उतरवा, हा आजार मागेंही हटतो’ असें सांगितलें. शेजारच्या काकूंनीं कारल्याचा रस सुचविला. परंतु माझ्या मनाला लागलें तें इंदूरहून आलेलें आक्काचें बोलणें. ती म्हणाली, ‘अरे, पथ्य कर, फिरायला जा, पण ती गोळी तेवढी सुरू करूं नकोस. एकदां लागली कीं जन्माची लागते. अण्णांनीं बारा वर्षें नुसत्या पथ्यावर काढलीं, विसरलास का?’

मी विसरलों नव्हतों. किंबहुना अण्णांचीं तीं बारा वर्षें माझ्याइतकीं जवळून दुसऱ्या कोणीं पाहिलींच नव्हतीं, आणि म्हणूनच आज हा लेख लिहावयास मी बसलों आहें.

अण्णांचें पथ्य

अण्णा शाळामास्तर. अंगानें सडपातळ, आयुष्यांत कधीं विडीकाडीस शिवले नाहींत, आणि पहांटे पर्वतीच्या पायऱ्या चढून आल्याशिवाय चहाचा पेला तोंडाला लावीत नसत. १९८४ सालीं त्यांना मधुमेह असल्याचें निष्पन्न झालें, तेव्हां ‘लठ्ठ माणसांचा हा रोग मला कसा?’ असें त्यांनीं डॉक्टरांनाच विचारलें होतें. डॉक्टरांनीं गोळ्या लिहून दिल्या. अण्णांनीं त्या विकत आणल्या आणि टेबलाच्या खणांत ठेवून दिल्या. गोळी घेणें म्हणजे आपला मनोनिग्रह संपला अशी कबुली देणें, असें त्यांचें मत होतें. त्या दिवसापासून चहांतील साखर गेली, भात गेला, बटाटा गेला. आंब्याच्या दिवसांत आम्ही भावंडें आमरस ओरपीत असतां ते ताकाची वाटी पुढें घेऊन शांतपणें बसत. असा निग्रह मीं दुसऱ्या कोणांत पाहिला नाहीं.

पहिल्या दोन-तीन वर्षांत तपासणीचे आंकडे खरोखरच चांगले येत. मग अण्णांनीं तपासणेंच सोडलें. ‘पथ्य मोडलें नाहीं, प्रकृति ठणठणीत आहे, मग तपासायचें काय?’ हा त्यांचा युक्तिवाद आम्हां सर्वांना पटला होता. नवव्या वर्षीं नव्या चपलेच्या पट्ट्यानें उजव्या पायाचा अंगठा सोलला गेला. चार दिवस त्यांना त्याचा पत्ता नव्हता, कारण तेथें दुखतच नव्हतें. जखम चिघळली, अंगठा काळा पडला. शेवटीं अंगठा व त्याच्या शेजारचें बोट काढून टाकावें लागलें. त्याच सुमारास डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव झाल्याचें आढळलें. पुढचीं तीन वर्षें वर्तमानपत्र मी वाचून दाखवीं आणि ते ऐकत.

आक्का लग्न होऊन इंदुरास गेलेली. ती दिवाळींत आणि मे महिन्यांत येई. ती यावयाची असली कीं अण्णा पायांत मोजे चढवीत आणि वर्तमानपत्र समोर धरून बसत. लेकीला उगाच काळजी नको, एवढाच त्यांचा हेतु होता. आणि तसें त्यांनीं आम्हांलाही बजावून ठेवलें होतें. त्यामुळें आक्काच्या आठवणींत राहिलें तें अण्णांचें पथ्य. माझ्या आठवणींत राहिली ती रोज सकाळीं बदलावयाची पट्टी. १९९६ सालीं ते गेल्यावर मीं टेबलाचा खण आवरला, तेव्हां बारा वर्षांपूर्वींच्या त्या गोळ्या पाकिटांत जशाच्या तशा सांपडल्या.

पथ्य तेंच, मग आजार कां वाढला?

हा प्रश्न मला कैक वर्षें छळीत होता. अण्णांनीं पथ्य तर तिळभरही मोडलें नव्हतें. त्याचें उत्तर मला स्वतःच्या दुखण्याच्या निमित्तानें मिळालें, व तें प्रत्येक कुटुंबानें समजून घेण्यासारखें आहे.

आपण खाल्लेल्या भात-पोळीची, साबुदाण्याची पोटांत शेवटीं साखर होते व ती रक्तांत उतरते. ही साखर स्नायूंच्या पेशींत शिरावी, आणि यकृतानें नको त्या वेळीं आपल्या सांठ्यांतील साखर रक्तांत सोडूं नये, ह्यासाठीं स्वादुपिंडांतील विशिष्ट पेशी इन्शुलिन नांवाचा स्राव निर्माण करतात. मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारांत, जो बहुधा बालपणीं किंवा तरुण वयांत जडतो, ह्या पेशीच नष्ट होतात. तेथें इन्शुलिन टोंचून घेतल्यावांचून जगतां येत नाहीं, आणि पथ्याच्या किंवा काढ्याच्या भरंवशावर तें बंद करणें म्हणजे मुलाच्या प्राणाशीं खेळ होय. दुसरा प्रकार अण्णांचा आणि माझा. आपल्याकडील बहुतेक मधुमेही ह्याच प्रकारांतले. ह्यांत इन्शुलिन असतें, परंतु शरीर त्याला दाद देत नाहीं. यकृतांत व पोटाच्या आंत सांठलेली चरबी हें त्याचें एक मोठें कारण. स्वादुपिंड मग अधिकाधिक इन्शुलिन तयार करून ती उणीव भरून काढूं पाहतें, आणि वर्षानुवर्षें हें ओझें वाहून थकतें. रोगाचें निदान होतें त्या दिवशींच ह्या पेशींचें सामर्थ्य सुमारें निम्म्यावर आलेलें असतें, व पुढें तें बहुधा उतरतच जातें, असा ब्रिटनमधील एका दीर्घ पाहणीवरून निघालेला निष्कर्ष आहे.

म्हणजे अण्णांचें पथ्य सैल झालें नव्हतें. त्यांचें स्वादुपिंड थकलें होतें. पहिल्या वर्षीं जें पथ्य पुरेसें होतें तें नवव्या वर्षीं अपुरें पडलें, आणि तपासणी सोडल्यामुळें तें कोणालाच कळलें नाहीं.

राहतां राहिला त्यांचा दुसरा प्रश्न: ‘लठ्ठ माणसांचा रोग मला कसा?’ त्याचें उत्तर आमच्या पुण्यांतच शोधलें गेलें आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं हिंदी माणसाच्या शरीराचा ह्या दृष्टीनें अनेक वर्षें अभ्यास केला आहे. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत २००४ सालीं त्यांचें व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन ह्यांचें छायाचित्र छापून आलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदीं एकच, म्हणजे २२.३, परंतु चरबीचें प्रमाण युडकिन ह्यांच्या शरीरांत ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! दिसावयास किरकोळ आणि आंतून चरबी अधिक व स्नायु कमी, अशी आपली ठेवण आहे. पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत जन्मलेल्या वजनानें हलक्या अर्भकांतही तीच आढळली. तेव्हां ‘आमच्या घरांत कोणी लठ्ठ नाहीं आणि आम्ही शाकाहारी’ ह्या समाधानावर कोणींही राहूं नये. काट्यावरील वजनापेक्षां कमरेचा घेर पाहावा. आपल्याकडील पुरुषांचा तो ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आंत असावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली जी देशव्यापी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्या अंदाजानें देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. आणि प्रमाण सर्वांत अधिक आढळलें तें आपल्या शेजारच्या गोव्यांत, शेंकडा २६.४.

दोन टोंकें

पथ्याचा अभिमान आपल्याकडे आहे, आणि तो अस्थानीं नाहीं. बसून राहण्याचें सुख, झोंपेचें सुख, दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ हीं प्रमेहाचीं कारणें चरकानें केव्हांच सांगून ठेविलीं आहेत. निर्धन रोग्यानें भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजनें पायीं चालावें, असा उपचार सुश्रुतानें सांगितला. (त्यानें तें अनवाणी चालावयास सांगितलें आहे, तेवढें मात्र आज कोणीं ऐकूं नये. अण्णांचा पाय मला विसरतां येत नाहीं.)

परंतु केवळ पथ्याची सीमा कोठें आहे, तेंही इतिहासानें दाखवून दिलें आहे. इन्शुलिन सांपडण्यापूर्वीं अमेरिकेंतील डॉ. फ्रेडरिक ॲलन ह्यांची उपासमारीची पद्धति हाच मधुमेही मुलांस थोडे दिवस जगविण्याचा मार्ग होता. टोरोंटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट ह्यांनीं इन्शुलिन मिळविलें आणि १९२२ च्या जानेवारींत तें लेनर्ड टॉमसन ह्या चौदा वर्षांच्या मुलास प्रथम टोंचण्यांत आलें. त्या वेळीं तो मुलगा पथ्यानें अस्थिपंजर झालेला होता. इन्शुलिनच्या आधारानें तो पुढें तेरा वर्षें जगला.

आणि ज्यांस ‘रासायनिक गोळी’ ह्या शब्दांचेंच भय वाटतें, त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें, कीं आज नव्या रुग्णास बहुधा प्रथम दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी ज्या औषधांच्या कुळांतली आहे, त्याचें मूळ गॅलेगा नांवाच्या युरोपीय वनस्पतींतील द्रव्यांत आहे. फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न ह्यांनीं मधुमेहावरील तिच्या उपयोगाचा वृत्तांत १९५७ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे ह्या गोळीच्या पाठीशीं साठांहून अधिक वर्षांचा अनुभव आहे.

आरंभींच आजार आटोक्यांत ठेवल्यानें काय साधतें? ब्रिटनमध्यें १९७७ पासून ५,१०२ नव्या मधुमेही रुग्णांवर चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९८ सालीं बाहेर आले. ज्यांची साखर औषधांच्या साहाय्यानें अधिक कडकपणें आवरली होती, त्यांच्यांत डोळे, मूत्रपिंड इत्यादि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार शेंकडा २५ नीं कमी झाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट २००८ सालीं कळली. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर लवकरच सारखी झाली होती; तरीहि ज्यांनीं आरंभींचीं वर्षें संभाळलीं, त्यांना त्याचा लाभ दहा वर्षांनंतरही मिळतच होता. आरंभीं जपून टाकलेली ठेव पुढें व्याज देत राहते, तसाच हा प्रकार. अण्णांनीं नेमकी तीच वर्षें न तपासतां घालविलीं.

आमच्या चिरंजिवांचें म्हणणेंही मात्र निराधार नव्हतें. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड येथें ज्यांस दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होऊन सहा वर्षें झालीं नव्हतीं, अशा स्थूल रुग्णांना तीन ते पांच महिने दिवसाकांठीं सुमारें ८५० कॅलरींच्या पातळ आहारावर ठेवण्यांत आलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें वर्षअखेर त्यांपैकीं शेंकडा ४६ जणांचा मधुमेह औषधावांचून मागें हटला होता. आणि ज्यांनीं १५ किलो वा अधिक वजन उतरविलें, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ८६ होतें. दुसऱ्या वर्षाच्या शेवटीं मात्र तें ४६ वरून ३६ वर आलें. वजन पुन्हां चढलें कीं रोगही परततो. शिवाय हें सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घडलें; असला प्रयोग कोणीं आपल्या मनानें, विशेषतः औषधें चालू असतां, करूं नये.

हीं दोन्ही टोंकें मनांत घोळवीत मी दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे गेलों आणि सरळच विचारलें, ‘पथ्य करूं, कीं गोळी घेऊं?’ ते हंसून म्हणाले, ‘पावसांत छप्पर गळूं लागलें, तर तुम्ही खालीं बादली ठेवतां, कीं वर चढून कौलें बसवतां?’

‘दोन्ही करतों,’ मी म्हणालों.

‘मग झालें तर. गोळी आज सुरू करा आणि पथ्यही आजच सुरू करा. तीन महिन्यांनीं आंकडा पाहूं आणि तो सांगेल तसें करूं. गोळी वाढवावी लागली तर त्यांत तुमचा पराभव नाहीं, आणि कमी करतां आली तर माझा पराक्रम नाहीं.’

तो आंकडा म्हणजे ‘एचबीए१सी’. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात व त्यांच्या रंगद्रव्यास साखर चिकटत जाते. तिचें प्रमाण मोजलें कीं मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब हातीं येतो. तपासणीपूर्वीं चार दिवस गोड सोडून तो फसवितां येत नाहीं. हा आंकडा ६.५ वा अधिक, अगर उपाशीं पोटींची साखर १२६ वा अधिक, अगर ग्लुकोज पाजून दोन तासांनीं घेतलेली साखर २०० वा अधिक आली, तर तो मधुमेह. लक्षणें नसतील तर पुन्हां तपासून खात्री करून घ्यावी. उपचारानें हा आंकडा साधारणतः ७ च्या आंत आणावयाचा असतो. परंतु फार वृद्ध वा दुबळ्या माणसास डॉक्टर थोडी सवलत देतात.

ताट तेंच, क्रम वेगळा

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. पहिल्या आठवड्यांत माझ्यासाठीं वेगळा स्वयंपाक होऊं लागला. ताटावर बसलें कीं आपण पंक्तींतून उठविले गेलों असें वाटे. आठव्या दिवशीं सौभाग्यवतीनेंच निर्णय दिला, कीं जें पथ्य घरांतील एका माणसास हितकर तें इतरांस अपायकारक असणार नाहीं. तेव्हां सर्वांचें ताट एकच. मला वाटतें, माझ्या उपचारांतील अर्धें यश ह्या निर्णयांत होतें.

आपल्या ताटांत वाईट कांहींच नाहीं. बिघडलें आहे तें प्रमाण व क्रम. आपण आरंभीं वरण-भात, मध्यें पोळ्या आणि शेवटीं ताक-भात खातों, म्हणजे जेवणाच्या तिन्ही टप्प्यांवर पिष्टच. आतां आमच्याकडे पहिले घास कोशिंबिरीचे व पालेभाजीचे, मग उसळ वा घट्ट वरण, आणि शेवटीं एक-दोन फुलके अगर लहान वाटीभर भात. भाजी व कडधान्य आधीं आणि पिष्ट मागाहून घेतलें तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असें अलीकडील प्रयोगांतही दिसून आलें आहे. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग उसळ, वरण, दहीं अगर पनीर ह्यांचा आणि पाव भाग भात-पोळीचा, हें माप लक्षांत ठेवण्यास सोपें आहे.

कांहीं भ्रम मात्र टाकून दिले पाहिजेत. गूळ व मध हीं साखरेचींच भावंडें आहेत. चहांत साखरेऐवजीं गूळ घालून कांहीं साधत नाहीं. भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या चांगल्या नव्हेत. फळ चावून खावें, रस काढून पिऊं नये. आंबा वर्ज्य नाहीं, पण एखादी फोड आणि वाटीभर आमरस ह्यांत महदंतर आहे. आणि त्या दिवशीं तितकी पोळी कमी करावी. कारलें, मेथी, जांभळाच्या बिया हीं आहारांत खुशाल असावींत. परंतु गोळी सोडून त्यांवर विसंबावें इतकें सामर्थ्य त्यांत सिद्ध झालेलें नाहीं.

व्यायामाविषयीं सांगावयाचें तर आपल्या वडीलधाऱ्यांची शतपावली ही नुसती रीत नव्हती. न्यूझीलंडमध्यें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मधुमेही लोकांस दिवसांतून एकदांच ३० मिनिटें चालावयास लावण्याऐवजीं प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटें चालविलें, तर जेवणोत्तर साखर सरासरीनें १२ टक्क्यांनीं, आणि रात्रींच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनीं कमी आढळली. शंभर पावलांची हजार पावलें करावींत, इतकाच काय तो फरक. आठवड्यांत निदान १५० मिनिटें झपझप चालणें, आणि दोन-तीन दिवस स्नायूंस जोर पडेल असा व्यायाम, मग ते जोर-बैठकांचे सोपे प्रकार कां असेनात, अवश्य असावा. ज्या स्नायूंत साखर खर्चावयाची, तेच आपल्या अंगीं कमी, हें वर आलेंच आहे.

उपासाचा दिवस

आपल्या घरांतील एक गोष्ट परदेशांतील पुस्तकांत सांपडावयाची नाहीं, ती म्हणजे उपास. एकादशीची साबुदाण्याची खिचडी हें जवळजवळ निव्वळ पिष्ट. तिच्या जोडीला बटाटा व रताळें आलें, म्हणजे नेहमींच्या जेवणाहून साखर अधिकच चढते. परंतु खरा धोका ह्याच्या उलट बाजूस आहे.

माझे मेहुणे स्वादुपिंडास चेतवून इन्शुलिन वाढविणारी गोळी घेत असत. एका संकष्टीस त्यांनीं सकाळीं नेहमीप्रमाणें गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत निराहार राहिले. चंद्रोदय नऊच्या पुढें होता. आठाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरूं लागले व ते असंबद्ध बोलूं लागले. घरांतील मंडळींस वाटलें, उपासाचा थकवा. ‘आतां तासाभरांत चंद्र दिसेलच’ असें म्हणून त्यांना पडून राहावयास सांगितलें. सुदैवानें त्यांच्या सुनेस शंका आली. तिनें साखरपाणी पाजलें म्हणून ते वांचले. नंतर मोजली तरी साखर ६० च्या आंतच भरली.

ह्याचें तात्पर्य प्रत्येक मधुमेह्याच्या घरांत लिहून ठेवावें. साखर ७० च्या खालीं गेली, अगर घाम, थरथर, घाबरणें अशीं लक्षणें दिसलीं, तर माणूस शुद्धीवर असतां तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावी आणि मग कांहींतरी खावयास द्यावें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत कांहींही घालूं नये. तत्काळ रुग्णालयांत न्यावें. नुसत्या मेटफॉर्मिननें असा प्रसंग क्वचितच येतो, परंतु इन्शुलिन व ह्या दुसऱ्या जातीच्या गोळ्या घेणारांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय निरंकार उपास करूं नये. चतुर्थी मोडली तर देव रागावणार नाहीं.

गोळीसंबंधीं आणखी थोडें

मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्यावें. आरंभीं कांहींजणांस मळमळतें, पोट बिघडतें. मात्रा हळूहळू वाढविली म्हणजे बहुधा निभावतें. आमच्यासारख्या शाकाहारी कुटुंबांनीं आणखी एक गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी. आपल्या आहारांत बी-१२ जीवनसत्त्व मुळांतच तुटपुंजें असतें आणि ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास तें आणखी कमी होऊं शकतें. मग पायांस मुंग्या येतात व आपण तो दोष मधुमेहाच्या माथीं मारतों. माझेंही बी-१२ कमी निघालें. तें भरून काढल्यावर तळव्यांची चुणचुण पुष्कळच थांबली. गोळी सोसत नसेल, मूत्रपिंड वा हृदय दुबळें असेल, तर दुसरीं औषधें आहेत. अलीकडच्या कांहीं औषधांनीं तर हृदय व मूत्रपिंड ह्यांचें रक्षणही होतें. इन्शुलिनचीही नौबत आली तर तो शेवटचा टप्पा समजूं नये. थकलेल्या स्वादुपिंडास तो बाहेरून दिलेला हात आहे.

आणि साखरेखेरीज वर्षांतून एकदां डोळ्यांचा पडदा, लघवींतील प्रथिनें, मूत्रपिंडाचें कार्य, रक्तांतील चरबी व पायांची संवेदना तपासून घ्यावी. रक्तदाब तर प्रत्येक खेपेस. तंबाखू असेल तर ती सोडावी. रोज रात्रीं तळपाय पाहावेत. वांकवत नसेल तर खालीं आरसा धरावा. मी तर हें न चुकतां करतों, आणि दर वेळीं मला अण्णा आठवतात.

तीन महिन्यांनीं माझा आंकडा ६.९ आला, वर्षानें ६.४. वजन सहा किलोंनीं उतरलें. दोन गोळ्यांची एक झाली. ती एक सुटलेली नाहीं, आणि त्याचें मला वाईटही वाटत नाहीं.

गेल्या दिवाळींत आक्का आली, तेव्हां मीं तिला सर्व सांगितलें: तो अंगठा, ते मोजे, तें न दिसणारें वर्तमानपत्र. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग हळूच म्हणाली, ‘मला कां रे सांगितलें नाहींत?’ ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा न घेतांच ती माझ्यापुढें येऊन उभी राहिली. ‘चल, माझेंही रक्त तपासून आण.’

तिची उपाशीं पोटींची साखर ११८ निघाली, तीन महिन्यांची सरासरी ६.०, म्हणजे मधुमेह नव्हे, पण त्याचा उंबरठा. डॉक्टरांनीं तिला गोळी दिली नाहीं. अशा उंबरठ्यावरील ५३१ लोकांवर चेन्नई येथें झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आहार व व्यायाम ह्यांनीं मधुमेह जडण्याचा संभव शेंकडा २८ नीं कमी झाला. गोळीनें जवळजवळ तितकाच, आणि दोन्ही मिळून त्याहून अधिक नाहीं. तेव्हां आक्कास आज पथ्यच पुरेसें आहे. तिचें म्हणणें तिच्यापुरतें खरें ठरलें, माझ्यापुरतें नाहीं. आणि ह्यांत विसंगत असें कांहींच नाहीं. जो त्याचा आंकडा, तो त्याचा उपचार.

इंदुरास परत जातांना तिनें आपल्या लहानशा दैनंदिनींत तीन महिन्यांनंतरची एक तारीख लिहून घेतली आणि त्याखालीं ‘रक्त’ एवढाच शब्द लिहिला. अण्णांच्या निग्रहाला जर ह्या एका शब्दाची जोड असती, तर त्यांचीं तीं शेवटचीं वर्षें वेगळीं गेलीं असतीं. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं हा कागद नुकताच आला असेल, त्यांनीं घाबरूं नये, अभिमानही बाळगूं नये. पथ्य करावें, सांगितलें असेल तर औषध घ्यावें, आणि तपासणीची पुढची तारीख आजच लिहून ठेवावी.